मिसर देशाचं वेड



मागच्या महिन्यात मला एका खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींचं पत्र आलं. सहावीच्या मुलांना त्यांनी प्राचीन संस्कृतींचा पाठ शिकवला. सिंधू, सुमेर, चीन आणि मिसर, म्हणजे आजचा इजिप्त, या चारही संस्कृतींना त्यांनी सारखाच वेळ दिला. पण मुलांनी प्रश्न विचारले ते फक्त मिसरबद्दल. पिरॅमिड कुणी बांधले? ममीला हात लावला तर माणूस मरतो, हे खरं का? राजाच्या थडग्यातलं सोनं आता कुणाचं? गुरुजी लिहितात, "मोहेंजोदडोची गटारं मी फळ्यावर काढून दाखवली, तरी पोरं ढिम्म. मिसरचं नाव काढलं की मागच्या बाकावरची सुद्धा ताठ बसतात. हे वेड आहे तरी कशाचं?"

पत्राच्या शेवटी त्यांनी एका मुलीचा प्रश्न कळवला आहे. ती पुस्तकातल्या ममीच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "गुरुजी, त्या माणसाला आपण असं बघितलेलं चाललं असतं का?" गुरुजींनी प्रांजळपणे लिहिलं आहे, की या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणं त्या मानाने सोपं आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

हे वेड आपल्या पोरांनाच लागलं आहे असं नाही, आणि ते आजचंही नाही. इ. स. पूर्वी ४५० च्या सुमारास हिरोडोटस नावाचा ग्रीक प्रवासी मिसरमध्ये हिंडला. त्या वेळी मोठा पिरॅमिड उभा राहून दोन हजारांहून अधिक वर्षं लोटली होती. म्हणजे हिरोडोटस आपल्याला प्राचीन वाटतो, पण पिरॅमिडपुढे तोही कालचा पाहुणा. त्याने पिरॅमिडवरचा लेख कुणा दुभाष्याकडून वाचून घेतला. दुभाष्याने त्याला सांगितलं, की मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण पुरवायला किती चांदी खर्ची पडली त्याचा हिशेब इथे लिहिला आहे! हिरोडोटसने ते मुकाट्याने टिपून घेतलं. दुभाष्याला ती लिपी वाचता येत होती असं मला वाटत नाही. पाहुण्याला काहीतरी चटकदार सांगून वाटेला लावायचं, ही वाटाड्यांची रीत इतकी जुनी आहे. पुढे रोमन लोक आले. त्यांनी राजांच्या थडग्यांत उतरून भिंतींवर आपापली नावं कोरली. आपल्या किल्ल्यांवर कोळशाने नावं लिहिणारी मंडळी असतात ना, त्यांचेच हे पूर्वज.

बरं, जग मोठं आहे, जुने देशही पुष्कळ आहेत. मग लोक मिसरकडेच का धावतात? याचं पहिलं कारण अगदी साधं आहे, ते म्हणजे तिथली हवा. त्या देशात पाऊस जवळजवळ नाहीच. नाईल नदीच्या दोन्ही अंगांना शेतीची हिरवी पट्टी, आणि पट्टी संपली की लगेच वाळवंट. एक पाय पिकात आणि दुसरा वाळूत ठेवून उभं राहता येईल, इतकी ती सीमा स्पष्ट आहे. शेतीची जमीन मोलाची, म्हणून माणसं मेली की त्यांना कडेच्या वाळूत पुरायचे. त्या कोरड्या, तापलेल्या वाळूत काहीच कुजत नाही. आपल्याकडे कोकणात लाकडी खांब दहा पावसाळ्यांत खाली भुसभुशीत होतो. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची भाकरी, चप्पल, केसांची वेणी, पोरांची खेळणी, सगळं जसंच्या तसं निघतं. सुमेरच्या राजाचा शिलालेख आपण वाचतो, पण तो राजा दिसत नाही. मिसरच्या राजाचा चेहरा दिसतो. दुसऱ्या रामेसिसचं बाकदार नाक आजही ओळखू येतं.

मुळात वाळूनेच ही विद्या त्या लोकांना शिकवली असावी. उघड्या वाळूत पुरलेलं प्रेत आपोआप सुकून टिकत होतं. पुढे श्रीमंतांनी मेलेल्यांसाठी पेट्या आणि खोल्या केल्या, वाळूचा अंगाशी संबंध तुटला आणि प्रेतं कुजायला लागली. तेव्हा मग वाळूचं काम माणसाने हाती घेतलं. पोटातली आतडी, यकृत, फुप्फुसं बाहेर काढायची आणि शरीर खारात पुरून ठेवायचं. काळीज मात्र जागच्या जागी, कारण बुद्धी काळजात असते असं ते मानीत. मेंदूला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, तो नाकावाटे आकडीने काढून टाकीत. हा जो खार, त्याला नॅट्रन म्हणतात. ऐकायला नाव अनोळखी, पण वस्तू ओळखीची आहे. आपल्या पापडखाराचा तो भाऊबंद. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवरातून पूर्वी जो खार काढीत, तोही याच जातीचा. शरीर सुकलं, की तेल आणि राळ चोळून तागाच्या कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळायचं. सगळा विधी ७० दिवसांचा. कोकणातल्या बायकांना हे ऐकून सुकी मासळी आठवली तर त्यात गैर काही नाही, तत्त्व तेच आहे.

आणखी एक गंमत सांगतो. त्या रामेसिसच्या ममीच्या नाकात मिऱ्याचे दाणे सापडले. हा राजा इ. स. पूर्वी १२१३ मध्ये वारला. काळं मिरं त्या काळी पिकायचं ते आपल्या दक्षिणेकडच्या डोंगरात. तेव्हा सव्वातीन हजार वर्षांपूर्वी ते मूठभर मिरं किती हातांतून, किती बंदरांतून तिथवर पोचलं असेल, याची कल्पनाच करावी.

दुसरं कारण लिपीचं. मिसरच्या देवळांवर आणि थडग्यांवर पक्षी, डोळे, साप, माणसं यांची चित्रलिपी कोरलेली आहे. या लिपीतला शेवटचा ज्ञात लेख इ. स. ३९४ सालच्या २४ ऑगस्टचा, फिली नावाच्या बेटावरच्या देवळात आहे. त्यानंतर ती वाचणारा माणूस उरला नाही. चौदाशे वर्षं लोक त्या भिंतींपुढे उभे राहत आणि आपल्या मनाला येईल तो अर्थ लावीत. कुणी म्हणे हे गूढ मंत्र आहेत, कुणी म्हणे जगाच्या उत्पत्तीचं रहस्य आहे. कुलूपबंद पेटीबद्दल माणसाला जे कुतूहल वाटतं, ते उघड्या पेटीबद्दल वाटत नाही.

१७९८ साली फ्रान्सचा नेपोलियन मिसरवर चालून गेला. बरोबर फौज तर होतीच, शिवाय दीडशेहून अधिक विद्वान आणि कारागीर होते. दुसऱ्या वर्षी रशीद गावाजवळ तटबंदीचं काम चालू असताना शिपायांना एक काळा दगड सापडला. त्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत होता. वर चित्रलिपी, मध्ये मिसरची चालू लिपी, खाली ग्रीक. हाच रोझेटा दगड. ग्रीक वाचता येत होतं, तेव्हा बाकीचं उलगडेल अशी आशा धरून अनेकांनी डोकी शिणवली. इंग्रज विद्वान टॉमस यंगने काही नावं ओळखली, आणि १८२२ च्या सप्टेंबरात शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने कुलूप उघडलं. त्याला जुन्या मिसरी भाषेची लेक म्हणावी अशी कॉप्टिक भाषा येत होती, ती कामी आली. चित्रं म्हणजे गूढ मंत्र नाहीत. त्यांतली कित्येक आपल्या अक्षरांसारखी उच्चार दाखवणारी आहेत, हे त्याने दाखवून दिलं.

आणि त्या जगप्रसिद्ध दगडावर लिहिलं काय आहे? इ. स. पूर्वी १९६ सालचं ते एक सरकारी जाहीरनामापत्र आहे! राजाने देवळांना दिलेल्या देणग्या, करांतली सूट, थकबाकीची माफी, आणि त्याबद्दल पुरोहितांनी राजाचे मानलेले आभार. आपल्या तलाठ्याच्या चावडीवर लागावा असा कागद. मला तर यामुळे तो दगड अधिकच आवडतो.

इथवरची हकिकत ऐकायला छान वाटते. पण वेडाला दुसरी बाजूही असते, आणि मुलांना शिकवताना गुरुजींनी ती वगळू नये असं मला वाटतं.

'ममी' हा शब्दच पाहा. तो मिसरी नाही. फारसीत मेणाला मोम म्हणतात, आणि मोमिया म्हणजे डोंगरातून पाझरणारा डांबरासारखा काळा पदार्थ. तो औषधी मानीत. राळ चोळलेल्या काळ्या प्रेतांतही हाच पदार्थ आहे, अशी समजूत झाली आणि प्रेतांनाच ते नाव चिकटलं. मग युरोपातल्या औषधांच्या दुकानांत शतकानुशतकं मिसरच्या मेलेल्या माणसांची पूड विकली गेली. मार लागला तर घे, रक्त वाहिलं तर घे! फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस ही पूड जवळ बाळगीत असे म्हणतात. ओंब्र्वाज पारे या नामांकित शस्त्रवैद्याने सोळाव्या शतकातच बजावलं, की या पुडीने गुण येत नाही, उलट पोट बिघडतं. पण ऐकतो कोण? आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात 'मोमियाईवाल्या साहेबा'ची अफवा होती. गोरा साहेब पोरांना पकडून नेतो आणि त्यांच्यापासून मोमियाई काढतो, म्हणून आया लेकरांना घरात ओढून घेत. अफवा खोटी होती. पण माणसाच्या देहाचं औषध करून साहेबाच्या देशातले लोक एके काळी घेत होते, एवढा भाग खरा होता.

औषध झालं, मग रंग झाला. ममी दळून तयार केलेला तपकिरी रंग चित्रकार वापरीत. 'जंगल बुक' लिहिणारा किपलिंग, जो आपल्या मुंबईत जन्मला, त्याने आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. त्याचे काका एडवर्ड बर्न-जोन्स मोठे चित्रकार. आपल्या हातातला रंग खऱ्या माणसांपासून केलेला आहे हे कळल्यावर ते भरदुपारी रंगाची नळी घेऊन खाली आले आणि घरच्या मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी ती बागेत रीतसर पुरली. असे हळवे लोक थोडे. लंडनच्या एका जुन्या रंगवाल्या दुकानाने तर थेट १९६४ साली सांगितलं, की आता आमच्याकडच्या ममी संपल्या.

शेतकरी बांधवांना हे ऐकून विशेष वाटेल. १८८८ साली बेनी हसन गावाजवळ एका मिसरी शेतकऱ्याला मांजरांच्या ममींनी भरलेला मोठा खड्डा सापडला. देवीला वाहिलेली ती मांजरं. त्यांपैकी सुमारे १ लाख ८० हजार मांजरं, वजनाने १९ टनांच्या वर, १८९० साली जहाजाने इंग्लंडात लिव्हरपूलला गेली. कशाला? खत म्हणून! लिलाव पुकारणाऱ्याने हातोडीच्या जागी मांजराचं डोकं टेबलावर आपटलं म्हणतात. ज्या प्राण्याला मिसरमध्ये देवाचा मान होता, तो इंग्लंडच्या शेतात पसरला गेला.

माणसांच्या ममी उलगडण्याचे तर जाहीर खेळ होत. लंडनमध्ये १८३०च्या दशकात टॉमस पेटिग्रू नावाचे शस्त्रवैद्य लोकांसमोर ममीच्या पट्ट्या सोडीत. १८३४ सालच्या एका प्रयोगाला इतकी गर्दी लोटली, की कँटरबरीच्या आर्चबिशपांनाही जागा मिळाली नाही. पेटिग्रू अभ्यासू होते, त्यांनी नोंदी नीट ठेवल्या, हे खरं. पण आलेली बहुतेक माणसं काही नोंदी पाहायला आली नव्हती. हॅमिल्टनच्या सरदारांना तर मिसरचं इतकं वेड, की १८५२ साली ते वारले तेव्हा पेटिग्रूंनी त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची ममी केली!

आता येऊ शापाकडे, कारण मुलं त्यासाठीच थांबलेली असणार.

४ नोव्हेंबर १९२२ रोजी, राजांची दरी म्हणून जी जागा आहे तिथे, हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना वाळूखाली दगडी पायरी लागली. त्या पायऱ्यांच्या तळाशी तूतनखामेन राजाचं थडगं होतं. राजा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना वारलेला, नाव कुणाच्या फारसं ध्यानात नव्हतं, आणि म्हणूनच चोरांच्या तावडीतून बहुतांशी सुटलेला. आत पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. आतली शवपेटी निखळ सोन्याची, वजन सुमारे ११० किलो. त्या वस्तू नोंदून, जपून बाहेर काढायला दहा वर्षं लागली.

खर्च करीत होते लॉर्ड कार्नार्व्हन. त्यांनी बातम्यांचा मक्ता लंडनच्या 'टाइम्स' पत्राला विकला. बाकीच्या वार्ताहरांनी काय करावं? बाहेर उन्हात बसावं. अशात कार्नार्व्हनांच्या गालावर डास चावला, दाढी करताना ती जागा कापली, जखम चिघळली आणि ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत ते वारले. प्रकृती त्यांची आधीपासून तोळामासा होती. पण ज्यांना थडग्यातली बातमी मिळत नव्हती, त्यांना शापाची बातमी मिळाली, आणि ती सोन्यापेक्षा जास्त खपली. ज्यांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं ते कार्टर १९३९ पर्यंत जगले. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हिशेब मांडला. थडगं किंवा पेटी उघडताना हजर असलेली माणसं आणि त्या वेळी मिसरमध्ये असूनही हजर नसलेली माणसं, यांच्या आयुष्यात शाप म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. मुलांना हे सांगितलं की ती थोडी हिरमुसतील. त्याला इलाज नाही.

शापाच्या नादात एक गोष्ट राहून जाते. फावडी चालवली ती मिसरच्या गावकऱ्यांनी. कार्टर यांच्या पुस्तकात अहमद गुरिगार आणि इतर तीन मुकादमांचे आभार मानलेले आहेत. वस्तूंच्या याद्या बारीक तपशिलाने आहेत, पण टोपल्या वाहणाऱ्या शेकडो माणसांची आणि पोरांची नावं शोधून सापडत नाहीत.

आणि आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला. मिसरमध्ये सोन्याहून मोठं धन सापडलं आहे, ते म्हणजे साध्या माणसांचं लिखाण. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर दरीपलीकडे एका लहानशा गावात राहत. त्या जागेला आज दैर अल-मदिना म्हणतात. हे लोक चिठ्ठ्याचपाट्या, हिशेब, भांडणतंटे सगळं खापरांवर आणि चुनखडीच्या चिपांवर लिहीत आणि टाकून देत. कोरड्या हवेने तो कचरा आपल्यासाठी सांभाळून ठेवला. त्यांतली एक मोठी चीप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो चक्क हजेरीपट आहे! सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा, ४० कामगारांचा, २८० दिवसांचा. कोण कधी गैरहजर आणि का, हे नावापुढे लिहिलं आहे. अमक्याला विंचू चावला. तमका आजारी. एक जण घरी बीअर गाळीत होता. दुसरा भावाच्या प्रेताला कापड गुंडाळीत होता. गुरुजनहो, तुमच्या टेबलावरच्या हजेरीपटात 'रजा' आणि 'आजारी' असे शेरे असतात ना? तोच जीव त्या दगडात आहे.

याच गावातल्या लोकांनी तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, इ. स. पूर्वी ११५७ च्या सुमारास, काम बंद पाडलं. पगार धान्यात मिळायचा आणि तो आठवडे उलटले तरी आला नव्हता. माणसं हत्यारं टाकून चौक्या ओलांडून गेली आणि देवळामागे जाऊन बसली. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. अमेननख्त नावाच्या कारकुनाने ते सगळं लिहून ठेवलं. तो कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातला पहिला संप म्हणतात. धान्य मिळालं, पुन्हा थकलं, पुन्हा माणसं जाऊन बसली.

मुलांना वाटतं पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले. सिनेमात तसंच दाखवतात. पण १९९० साली गिझाला घोड्याचा पाय एका विटेच्या भिंतीला अडखळला आणि त्यातून मजुरांची कबरस्ताने उजेडात आली. हाडं मोडलेली होती, पण ती बसवलेली आणि सांधलेली होती. म्हणजे उपचार झाला होता. जवळच त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या आणि खाल्लेल्या गुरांची हाडं निघाली. राजापाशी स्वतःची कबर बांधण्याचा मान गुलामाला कुणी देत नाही. काम अवघड होतं, कदाचित सक्तीचंही होतं, पण ती माणसं त्याच देशातली होती. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर लिहिलेली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. जगातले सर्वांत जुने लिहिलेले पपायरस हेच. मोठ्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतून पांढरा दगड होडीत भरून गिझाला कसा नेला, आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, असं त्यात लिहिलं आहे. १४६ मीटर उंचीच्या, सुमारे २३ लाख दगडांच्या त्या पर्वतामागे मेरेरची होडी आणि त्याची चाळीसएक माणसं होती. मोहेंजोदडोची गटारं पाहून पोरं ढिम्म राहतात, त्याला मला वाटतं हेच कारण. तिथल्या मेरेरचं नाव आपल्याला अजून वाचता येत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. मेलेल्या माणसाला आपण असं पाहिलेलं चाललं असतं का?

मिसरच्या लोकांची समजूत होती, की देह टिकला आणि नाव घेतलं गेलं तर माणूस जगतो. नाव पुसलं गेलं की तो खरा मेला. म्हणून थडग्यांवर जागोजागी, येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून आपलं नाव वाचावं अशी विनंती कोरलेली असते. आपल्याकडे देहाची राख नदीत सोडतात, पण श्राद्धाच्या दिवशी बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव घेतात. तेव्हा ही समजूत आपल्याला अगदी परकी वाटू नये. नाव घेतलेलं त्यांना आवडलं असतं. काचेत ठेवून तिकीट लावलेलं आवडलं असतं का, ते वेगळं.

खुद्द मिसरच्या लोकांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. १८८१ साली डोंगरातल्या एका गुप्त कपारीतून अनेक राजांच्या ममी निघाल्या आणि त्या बोटीतून नाईलमार्गे कैरोला चालल्या. तेव्हा काठावरच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून, आक्रोश करीत बोटीबरोबर चालल्या आणि बाप्यांनी बंदुकीचे बार काढले, घरचं मयत असावं तसं. कैरोच्या नाक्यावर जकात कारकुनाला दरपत्रकात ममी सापडेना, तेव्हा त्याने सुक्या मासळीच्या दराने जकात घेतली, अशीही एक गोष्ट सांगतात. १९८० साली राष्ट्राध्यक्ष सादात यांनी, राजांची प्रेतं प्रदर्शनाला मांडणं बरं नव्हे, म्हणून संग्रहालयातलं ते दालन बंद केलं. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडलं. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या, अशा २२ ममी मिरवणुकीने, तोफांच्या सलामीत नव्या संग्रहालयात नेल्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पिरॅमिडांजवळ जे प्रचंड नवं संग्रहालय खुलं झालं, तिथे तूतनखामेनचं सगळं धन प्रथमच एकत्र मांडलं आहे. राजा मात्र तिथे नाही. तो अजून राजांच्या दरीत, स्वतःच्या थडग्यातच आहे.

आपल्या देशातही काही ममी आहेत. हैदराबादच्या संग्रहालयात एक आहे, मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींपैकी कुणी ती पाहिली असेल. कोलकात्यात आहे, बडोद्याला आहे. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तूतू नावाच्या बाईची ममी आहे. मिसरमधल्या अख्मीम गावची, पुरोहिताच्या घराण्यातली, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपूरला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलं. पाणी चढत चाललं, तेव्हा तिथल्या नोकरांनी काचेची पेटी फोडली आणि तूतूला उचलून वर नेलं. दप्तरं भिजली, कित्येक वस्तू चिखलात गेल्या, पण तिला पाणी लागलं नाही.

गुरुजी, त्या मुलीला एवढं सांगा, की त्या बाईचं नाव तूतू होतं.